कोणता क?

मदत करणारी माणसं जगात पुष्कळ आहेत. पण आपल्याला नेमकी कसली मदत झाली हे मदत घेणाऱ्याला शेवटपर्यंत कळू नये, इतक्या सफाईनं मदत करणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. सगळी नोकरी राहुरीत बियाण्यांच्या कामात गेली. निवृत्त झाल्यावर माणसं देवळात जाऊन बसतात, नाहीतर सुनेच्या स्वयंपाकघरात लक्ष घालतात. हे पुण्याला तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला गेले आणि येताना एक संस्था घेऊन आले. स्वतंत्र कलाकारांना व्यवसायाचं आणि तंत्रज्ञानाचं साहाय्य करणारी, ना-नफा. राहुरीतल्या बंगल्याच्या शेडमधून स्कूटर बाहेर गेली, लॅपटॉप आत आला, दारावर पाटी लागली. संस्थेच्या नावाचे कागद छापून आले आणि त्याच आठवड्यात जिल्ह्याचं नाव बदललं, तेव्हा तो गठ्ठाच्या गठ्ठा यांनी निळ्या पेनानं दुरुस्त केला. मेव्हणी मला म्हणाली, "भावजी, पाटी वाचून, इथं लग्नं जुळवतात असं समजून चौघं येऊन गेले. तुम्हाला तरी कळलंय का हे काय करतात?" मी म्हणालो, "नाही. पण चांगलं काहीतरी असणार." गेली दोन वर्षं मी हेच उत्तर देतो आहे.

पहिल्या सभेला राजूरकडचे एक सनईवाले आले होते. साडूंचं तासभर भाषण झाल्यावर ते उठले आणि म्हणाले, "सायेब, तुमी सोता नफा करनार न्हाई म्हनता. मंग आमाला नफ्याचं काय शिकवनार?" साडू म्हणाले, "उत्तम प्रश्न!" आणि चहा मागवला. प्रश्न उत्तम आहे असं सांगितलं की उत्तर देऊन झालं, अशी त्यांची मनापासून समजूत आहे. चहा पिऊन सनईवाले समाधानानं गेले आणि जाताना कागदावर सही करून सभासदही झाले. कशाचे, ते त्यांनी विचारलं नाही.

साडूंच्या लेखी कलाकार हे एक पीक आहे. प्रत्येकाची माहिती ते बियाण्याच्या नमुन्याच्या पिशवीत ठेवतात आणि वर चिठ्ठी लावतात: वाण – सनई, ठिकाण – राजूर, उगवणक्षमता – मध्यम. "या रांगोळीवाल्या बाईंना अजून फुटवे आलेले नाहीत," असं ते त्या बाईंच्या देखत म्हणतात आणि बाई पदर सावरत घाबरून पायाकडे बघतात. त्यात तंत्रज्ञानाचं खातं आणखी गहन. कुठल्याही कलाकाराचा गोंधळ होऊ नये म्हणून त्यांनी सगळ्यांच्या नोंदणीत स्वतःचाच मोबाईल नंबर टाकला. कलाकारांचा गोंधळ खरोखरच वाचला, तो सगळा एकट्या साडूंच्या खिशात जमा झाला. दिवसभर ओटीपी येत आणि कुठला कुणाचा हे त्यांना कळत नसे. एकदा एका साखरपुड्यासाठी सनईची मागणी आली. यांनी तिथं रांगोळीवाल्या बाईंना पाठवलं आणि सनईवाल्यांना पाठवलं एका पतपेढीच्या वर्धापनदिनाला, रांगोळी काढायला. बाई हुशार. त्यांनी वेळ ओळखून दारात भली मोठी सनई काढली, आणि मुलीकडचे लोक तिच्याशेजारी उभे राहून फोटो काढत बसले. पतपेढीत मात्र सनईवाले दोन तास वाजवत होते आणि व्यवस्थापक पुन्हापुन्हा फरशीकडे बघत होते. साडूंना विचारलं तर म्हणाले, "आंतरपीक, साडूभाऊ! आंतरपीक घ्यायला शिकलं पाहिजे कलाकारांनी."

अशा या शेडमध्ये एके दिवशी जामखेडचे पेंटर आले. पासष्टीचा सडसडीत माणूस, डोक्यावर टोपी, आणि उजवा हात डाव्या हातानं धरलेला. मला वाटलं, लागलं असेल. दुकानांच्या पाट्या, भिंती, टेम्पोच्या मागच्या फळ्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, अशी चाळीस वर्षं त्या भागातली सगळी अक्षरं या एका हातातून उतरलेली. ते म्हणाले, "हात थरथरतोय, सायेब. सकाळच्याला बरा असतो. डाक्टर म्हनत्यात, वरीसभर चालंल. फ्लेक्सवाल्यांनी काम नेलं ते नेलं, त्याचं काय न्हाई. पर अक्षरं जातील की हो माझ्याबरुबर."

साडू "उत्तम प्रश्न" म्हणाले नाहीत. त्यांनी चहासुद्धा मागवला नाही. लॅपटॉप बंद केला आणि खुर्ची त्या हाताजवळ ओढली. मग म्हणाले, "बियाणं जपायचं. हात जायच्या आत अक्षरं कॉम्प्युटरमध्ये घालायची. फाँट करू." पेंटरना फाँट कळला नाही. मलाही कळला नाही. साडूंना कळला होता की नाही याबद्दल मला अजून शंका आहे.

पुण्याच्या प्रशिक्षणात ओळख झालेल्या, फाँट करणाऱ्या एका मुलीनं चौकटींचे कागद पाठवले. एका चौकटीत एक अक्षर काढायचं, की तेच अक्षर कॉम्प्युटर कुठल्याही नावात बसवणार. पेंटर सकाळच्या पहिल्या गाडीनं येत, हात बरा असेतोवर काढत. अ ते औ झाले. आणि क वर गाडी अडली.

"कोनता क?" पेंटरनी विचारलं.

"कोणता म्हणजे? क. कमळाचा," साडू म्हणाले.

"कमळाचा क निराळा. किराना दुकानाचा क भरल्या पोत्यावानी बसाया पायजे. केसं कापायच्या दुकानाचा वस्तऱ्यावानी. दवाखान्यात क्लिनिकचा काढायचा तर मानूस भ्याला न्हाई पायजे. आन कापडवाल्याचा..."

"पण पेंटर, तुम्हाला आवडतो तो एक सांगा ना!"

"मला आवडून काय करता? पाटी माझी हाय व्हय?"

साडूंनी त्यांना तासभर समजावलं. एक वाण निवडायचा असतो, चार वाण एका वाफ्यात मिसळले की शुद्धता जाते, वगैरे. पेंटरनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमी शेतकऱ्याला बी देताना जमीन इचारत हुता का न्हाई?" नोकरीत साडूंना हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. त्यांनी पुण्याला फोन लावला आणि म्हणाले, "बाई, क ची एकच चौकट दिलीत. आणखी पाठवा." "किती?" "ते अजून नक्की नाही."

उसाच्या गाड्या रस्त्यावर दिसू लागल्या तोवर त्रेचाळीस क झाले होते. पोटाचे, बिनपोटाचे, शेपूट ओढत चाललेले, शेपूट वर करून पळणारे. ख ची नुसती मान झाली होती. त्रेचाळिसाव्या क ची दांडी वाकडी आली, दुसऱ्यांदा काढली तरी वाकडी आली, आणि पेंटरनी ब्रश पुसून डबीत ठेवला. तो परत निघाला नाही. पुण्याच्या मुलीनं जुन्या पाट्यांचे फोटो घेऊन बाकीची अक्षरं जुळवली. शिवाय क च्या जागी एक यादी दिली, तिच्यातून हवा तो उचलायचा.

आणि इथून माझा खरा गोंधळ सुरू झाला. कलाकारानं वेळ वाचवावा, झटपट काम उरकावं, हे शिकवणारा हा माणूस आता एका पाटीला चार चार दिवस लावू लागला. कुणी पाटी करायला आलं की साडू आधी त्याच्या दुकानावर जाऊन बसतात. माणूस बघतात. मग जामखेडला फोन.

"पेंटर, कृषी सेवा केंद्र आहे. कोणता घालू?"

"मानूस कसा हाय?"

"जाडा आहे. बोलतो कमी."

"उधारी देतो का?"

"देतो म्हणतात लोक."

"मंग पोटाचा घाला. एकोनीस नंबर. शेपूट आखूड ठिवा."

मी विचारलं, "साडूभाऊ, यात तंत्रज्ञान कुठं आहे?" ते म्हणाले, "फोन आहे की!"

मागल्या आठवड्यात ते जामखेडहून परत येताना माझ्याकडे नगरला उतरले. जेवताना गप्प होते, आणि हा माणूस जेवताना गप्प म्हणजे भाजीत काहीतरी बिघडलंय असं वाटून बायको दोनदा विचारून गेली. मग त्यांनीच सांगितलं. पेंटरना आता चहाचा कपही दोन हातांनी धरावा लागतो. कप खाली ठेवून ते म्हणाले होते, "सायेब, एक काम हुतं. दारावर माझं नाव पायजे. आख्ख्या तालुक्याची नावं लिवली, माझं कवा लिवलंच न्हाई." साडूंनी लगेच लॅपटॉप उघडला. नाव काशिनाथ. म्हणजे पुन्हा क. त्यांनी विचारलं, "सांगा पेंटर, कोणता घालू?"

पेंटर खूप वेळ यादी बघत राहिले. वरून खाली, खालून वर. आणि म्हणाले, "मला सोताचं काय कळतंय? तुमीच सांगा. तुमी बघितलंय मला."

"मग कोणता घातलात?" मी विचारलं.

साडूंनी ताटातली भाकरी मोडली आणि तशीच ठेवली. त्रेचाळीस क त्यांना तोंडपाठ आहेत, नंबरासकट. ते म्हणाले, "त्रेचाळीसही लावून बघितले, साडूभाऊ. सगळे दुसऱ्यांचे वाटतात." मग थोड्या वेळानं माझ्या बायकोला म्हणाले, "उद्या सकाळी जामखेडची पहिली गाडी किती वाजता असते? परत जाऊन येतो म्हणतो. माणूस अजून नीट बघितलेला नाही."