सायकलवाल्याची फुंकर

शेलूबाजारच्या त्या सायकलवाल्याचं नाव मी कधी विचारलं नाही, आणि आता विचारणारही नाही. विज्ञानाचा मास्तर मी. अवकाशयानाचं आयन इंजिन विजेनं भारलेले कण मागे फेकतं, त्याचा जोर जेमतेम फुंकरीएवढा, हे माझ्या पोरीला मी तीनदा समजावलं. एवढ्याशा जोरावर यान पळतं कसं, हे मात्र तिनं विचारलं त्याला.

त्यानं सवयीप्रमाणे टांगलेल्या चाकाला, कुठे घासतंय का ते ऐकायला, आधी कान लावला, मग त्यावर फुंकत राहिला. चाक हळूच हललं, मग गरगरलं.

"पाय बाई, तती वर आडवाले हवा नाई. थांबाचं नाई, फुकत राहाचं."

पोरगी हसली. माझ्या शिकवण्यावर ती अशी कधी हसली नाही.

घरी मी माझ्या सायकलच्या चाकावर गुपचूप फुंकून पाहिलं. ढिम्म हललं नाही. आता ग्रीस भरायला सायकल त्याच्याकडेच न्यावी लागणार.