बाईंची दमदाटी

बाई एका सेवाभावी संस्थेच्या प्रमुख, पण कुणाच्याही घरी उंबऱ्याशीच बसायच्या आणि आधी पाणी मागायच्या. बोलणं अस्सल पिशोरचं, गावाकडचं.

कचरा वेचणाऱ्या बायांच्या लेकरांसाठी संस्थेचं पाळणाघर आमच्या गल्लीत नको, असं मी सगळ्यांना पटवलं होतं. बाई आल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "काका, नाय म्हणा, पण लेकरं बघून म्हणा."

मी बाईंबरोबर गेलो. पैठण रोडला बाया कचरा निवडत होत्या, शेजारी लेकरं. मी खाली टेकलो, तर एक पोरगी मांडीवर येऊन झोपली. बाई पदरानं तिच्यावरच्या माश्या हाकत राहिल्या.

पाळणाघर झालं. गल्ली अजून म्हणते, "बाईनं म्हाताऱ्याला दम दिला." मी ते कधी खोडलं नाही. दम कुणीच दिला नव्हता. पोरगी उठेपर्यंत मला हलता येईना, एवढंच.