बाकावरची जागा

व्हाइटबोर्डच्या मार्करचा वास आला, की मला अंधेरीतला इंग्लिश स्पीकिंगचा क्लास आठवतो. भर दुपार, पहिल्या मजल्यावरची खोली, एसीची घरघर आणि लावून घेतलेलं दार. सरांनी फळ्यावर ‘सध्या’ आणि ‘आत्ता’साठीचे इंग्रजी शब्द लिहिले होते आणि घरातल्या कुणावर तरी वाक्यं करायला सांगितली होती. माझ्या शेजारी कोळीवाड्यातली एक मावशी बसायची. सकाळी मासळी विकून ती यायची. टॉवरमधल्या गिऱ्हाइकांशी इंग्लिशमधून बोलायचं होतं तिला. ती उठली आणि फळ्याकडे न बघता बोलायला लागली. “नाऊअडेज माय हजबंड इज इन द सी. ॲट प्रेझेंट ही इज वॉकिंग इन द लेन. करंटली ही इज ऑन द स्टेअरकेस.” मग जरा थांबून, हळूच म्हणाली, “राइट नाऊ ही इज आउटसाइड द डोअर.” सगळे हसले. मागची मुलगी माझ्या कानाशी कुजबुजली, “अगं, तिचा नवरा मागच्या वर्षी बोटीवर गेला, तो आलाच नाही ना परत.” सरांना बिचाऱ्यांना काय ठाऊक! ते खुशीत दाराकडे बघून ओरडले, “कम इन, कम इन!” दार हललंसुद्धा नाही. पण मावशी खाली बसली ती मला अगदी चिकटून, बाकाच्या टोकाला एका माणसापुरती जागा सोडून. थोड्या वेळानं त्या गार खोलीत ओल्या जाळ्याचा वास यायला लागला, आणि मग कुणीच हसलं नाही. आजही फोनवर कुणी “राइट नाऊ” म्हटलं, की घरात एकटी असले तरी मी सोफ्यावर थोडी सरकून बसते.