हिरव्या अक्षरांतली माणसं

माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी लग्न न करता माझ्याकडेच राहिली. घरात सगळे तिला मुंगी म्हणतात. सांडलेले मणी एकेक वेचून रंगवार डब्यांत भरणारी मुलगी ती. दुसरं नाव शोभलंच नसतं. हरवलेल्या माणसांची नोंद ठेवणाऱ्या एका संस्थेत ती चौदा वर्षं आहे. औषधांच्या दुकानावर दोन खोल्या, तीन टेबलं, आणि जिन्यात कायम कोणीतरी हातात फोटो धरून बसलेलं.

संस्थेची वेबसाइट तिनं पुस्तक वाचून स्वतःच बनवली होती. प्रत्येक माणसाचं एक पान. उंची, अंगावरचे कपडे, गालावरचा तीळ. माणूस सापडला की त्याचं काळं नाव ती हिरवं करायची. 'सापडला' हा शब्द तिनं कधी लिहिला नाही. घरच्यांना पान उघडताक्षणी कळावं, वाचत बसायला लागू नये, असं तिचं म्हणणं.

गेल्या वर्षी संस्थेनं नवी व्यवस्था आणली. ती बसवायला एक चष्मेवाले गृहस्थ आले.

"ताई, तुमची वेबसाइट म्हणजे असं घर, की भिंतीला रंग द्यायचा तर पाया खणावा लागतो," ते म्हणाले. "मजकूर एकीकडे ठेवू, त्याचं रूप दुसरीकडे. मग रूप कितीदा बदला, मजकुराला धक्का नाही. आणि नवीन नाव कोणीही भरू शकेल, तुम्हीच हव्यात असं नाही."

"म्हणजे मला घरी बसवायची सोय."

"छे हो. तुम्हाला एखादी रजा तरी मिळेल."

जुन्या पानांवरचे रंग, रेघा, अक्षरांचे आकार काढून नुसता मजकूर नव्या रकान्यांत भरायचं काम तिच्याकडे आलं. चारशे बारा माणसं, सहा आठवडे. एका संध्याकाळी चहा घेताना ती म्हणाली, "मावशी, रंगसुद्धा काढायला सांगितलेत. मग हिरव्याचं काय?"

मी डायरी लिहीत होते. पेन खाली न ठेवताच म्हणाले, "रंग त्यांच्या बाजूनं येईल की. त्यांनी सांगितलंय ना?" त्या दिवसाच्या पानावर याचा उल्लेखही नाही. हवा ढगाळ, पाठ दुखते, एवढंच आहे.

सोमवारी नवी वेबसाइट सुरू झाली. दिसायला देखणी होती. जुनी त्याच दिवशी पुसून टाकली. दुपारी एका बाईंचा फोन आला. "आमचे हे पुन्हा हरवले का हो? समोर बसून जेवतायत."

मुंगी हसली. मग तिनं यादी उघडली. चारशे बाराही नावं काळी होती.

"अहो, त्या रंगावरूनच कळायचं कोण सापडलंय," ती चष्मेवाल्यांना म्हणाली.

"मग ते मजकुरात लिहायला हवं होतं, ताई."

ते खोटं बोलत नव्हते. त्यांनी लगेच नवा रकाना करून दिला. सापडले, किंवा नाही. दोहोंपैकी एक निवडल्याशिवाय पान पुढे जात नाही.

कागदी अर्ज होते, पण ते हरवल्याचे. सापडल्याची खूण पडद्यावरच होती, आणि मुंगीनं जपून ठेवलेली प्रत रंग काढल्यानंतरची निघाली. तीनशे एकावन्न माणसं तिला तोंडपाठ होती. उरलेल्या एकसष्ट जणांची खात्री होईना. अंदाजानं भरायची सोय नव्हती. न सापडलेल्यापुढे 'सापडले' पडलं की त्याचा शोध तिथेच थांबला. म्हणजे एकसष्ट घरी फोन करणं आलं.

रविवारी सकाळी आम्ही जेवणाच्या टेबलाशी बसलो. यादी माझ्याकडे, फोन तिच्याकडे. कसं विचारायचं हे ठरवण्यातच तास गेला. सापडले की नाही, हे तर आपण त्यांना सांगायचं. त्यांनाच कसं विचारणार?

पहिले काही फोन बरे गेले. "तो ना? दोन पोरांचा बाप झालाय," एक आजी म्हणाल्या. "आता हरवला तर सून येईल तक्रार द्यायला, मी नाही." मुंगीला जरा धीर आला.

बारावा फोन एका म्हाताऱ्या शिंप्याला होता. मुलगा नऊ वर्षांपूर्वी हरवलेला. "हरवलेल्या माणसांच्या ऑफिसातून बोलतेय," एवढंच ती म्हणाली, आणि पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"अगं, माझा शर्ट दे," ते घरात कोणाला तरी म्हणाले. मग फोनवर, "निघालोच, बाई. कुठे यायचं? बरा आहे ना तो?"

मुंगीनं माझ्याकडे पाहिलं. मी यादीकडे पाहत राहिले.

"नाही हो, काका. नोंद तपासत होते फक्त."

खुर्ची पुन्हा सरकली.

"बरं. नोंद बरोबर आहे ना आमची?"

"बरोबर आहे."

"तेवढं बघा."

त्यानंतर आणखी एकोणपन्नास फोन होते. ते तिनं तीन रविवारांत केले. दर वेळी ती आधी म्हणायची, "घाबरू नका, काही बातमी नाही." त्यावर काही जण रडले.

पूर्वी न सापडलेल्यांसाठी तिला काहीच करावं लागत नसे. नाव काळंच असायचं. आता एकेकाचा रकाना उघडून तिनं स्वतःच्या हातानं 'नाही' निवडलं. शिंप्याच्या मुलाचं पान तिनं शेवटी ठेवलं होतं. ते उघडून ती पाऊण तास बसली. चहा गार झाला. मग तिनं 'नाही' निवडलं, आणि पान निमूट पुढे गेलं.