पळायच्या वाटेवर बारा खुर्च्या

झाड करकरलं तेव्हा धोंडूने करवतीचं मशीन खाली टाकलं आणि मागे वळून स्वतःच्या चपला शोधल्या. चपला जागेवर नव्हत्या. तिथे प्लास्टिकच्या बारा खुर्च्यांची रांग होती आणि खुर्च्यांवर पिवळी हेल्मेटं घातलेली माणसं बसली होती. त्यातल्या चौथ्या खुर्चीवर, मांडीत शाल आणि नारळ घेऊन, मी बसले होते. सुरक्षा तज्ज्ञ म्हणून पाचच मिनिटांपूर्वी माझा सत्कार झाला होता.

हे सगळं कसं जमून आलं ते सांगते. जमून यायला बऱ्याच शिकलेल्या माणसांची मेहनत लागली.

मी पिरंगुटच्या एका कारखान्यात तीस वर्षं सेफ्टी ऑफिसर होते. कामगार मला समोर मॅडम म्हणायचे आणि पाठीमागे हेल्मेटबाई. रिटायर झाल्यावर घरात बसवेना, म्हणून आसपासच्या फार्महाउसवाल्यांना सल्ला द्यायला लागले. विहिरीचं काम, पत्र्याचं छप्पर, झाडतोड. यातल्या झाडतोडीला लोक सगळ्यात कमी घाबरतात, आणि माझ्या पाहण्यातली सगळ्यात वाईट दुखापती तिथल्याच आहेत.

कोळवणच्या खोऱ्यात बंगल्यांची एक सोसायटी आहे. भाताच्या खाचरांच्या मधोमध. तिथे एक वाळलेली नीलगिरी होती, साठेक फूट उंच, रस्त्याकडे कललेली. त्या रस्त्यावरून एसटी जाते, बाया गुरं घेऊन जातात. झाड काढायची परवानगी आली होती. सोसायटीचे सेक्रेटरी निखिल, हिंजवडीत मॅनेजर. त्यांचा फोन आला.

"मॅडम, झाड तर पाडायचंच आहे. पण आपण त्याचा सेफ्टी अवेअरनेसचा इव्हेंट केला तर?"

"झाड पाडताना माणसं लांब ठेवायची असतात. तुम्ही बोलावताय."

"लांबच ठेवू. आमच्या कंपनीचे मोठे साहेब येतील. तुमचं भाषण होईल, सत्कार होईल."

सत्कार हा शब्द मी ऐकला नाही असं म्हणणार नाही. कारखान्यात तीस वर्षांत माझा सत्कार एकदाच झाला, तोही निरोपाचा. मी हो म्हटलं.

झाड कापायला धोंडू होता. वरच्या वाडीतला कातकरी, पंचेचाळिशीचा, बोलायला कमी. त्याच्याबरोबर मी आधी चार झाडं काढली होती आणि चारही वेळा आमचं एकाच गोष्टीवरून वाजलं होतं: धोंडू अनवाणी कापायचा. या वेळी मी स्वतः जाऊन सेफ्टी बूट आणले, पुढे पोलादी टोपी असलेले. त्याच्या मापाचे मिळाले नाहीत. एक नंबर मोठे आणले आणि पुढे कागद कोंबला.

"म्याडम, पायाला भुई कळाया पायजे."

"भुई कळेल नंतर. आधी बूट घाल."

"आन् पळायचं कसं?"

"बूट घालून पळतात, धोंडू. पोलीस पळत नाहीत का?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की पोलीस पळताना त्याने तरी पाहिलेले नसावेत. पण बूट घातले.

इथे थोडं कामाचं सांगते. झाड जिकडे पाडायचं त्या अंगाला आधी पाचरीच्या आकाराची खाच काढतात. मग उलट्या अंगाने काप घालत खाचेकडे यायचं, पण पोचायचं नाही. मधे चार बोटं लाकूड तसंच ठेवायचं. ते दाराच्या बिजागरीचं काम करतं. झाड त्या बिजागरीवर वळून ठरल्या जागी पडतं. बिजागरी पूर्ण कापली की झाड कुणाचं ऐकत नाही. झाड हललं की कापणाऱ्याने तिथे थांबायचं नसतं. मागे जायचं, पण सरळ मागे नाही, तिरकं. कारण सरळ मागे बुंधा उसळू शकतो. आणि वाळक्या झाडाच्या शेंड्यावरच्या फांद्या हिसका बसला की मागे फेकल्या जातात. म्हणून कापायच्या आधी पळायची वाट ठरवायची आणि ती साफ करायची. माझ्या भाषणाचा विषय हाच होता. "पळायची वाट मोकळी ठेवा." बॅनरवर छापला होता.

धोंडूची वाट ठरवायची स्वतःची रीत होती. तो बुंध्यापासून तिरका मागे चालत जायचा, पायाने दगड, काटक्या बाजूला सारायचा. असं तीन वेळा. मग वाटेच्या शेवटी, तीस-पस्तीस फुटांवर, चपला काढून ठेवायचा. शेजारी शेजारी, बोटं झाडाकडे करून. काम संपेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. झाड हललं की चपलांकडे पळायचं. वर बघायचं नाही, विचार करायचा नाही.

"आमचा थोरला भाऊ आसाच गेला," त्याने मागे एकदा सांगितलं होतं. "झाड बराबर पडलं. पळताना मागं आडवं आलं आन् वरनं फांदी."

काय आडवं आलं ते मी विचारलं नव्हतं. दगड असेल, असं मीच ठरवून टाकलं.

मी चुन्याची रेघ मारून दिली होती. झाडाच्या उंचीच्या दुप्पट, म्हणजे एकशेवीस फूट. त्याच्या आत कापणाऱ्याशिवाय कुणी नाही. सकाळी निखिलने रेघेवर उभं राहून मोबाइल धरला.

"मॅडम, इथून झाड दिसतं पण माणूस दिसत नाही. रीलमध्ये काहीच कळणार नाही. झाड तर पुढे पडणार ना? मग मागच्या बाजूला थोडं जवळ बसवलं तर?"

"सत्तर फुटांच्या आत नाही," मी म्हटलं. हा पहिला गुन्हा. एकशेवीसचे सत्तर मी बोलता बोलता केले. कारखान्यात एखाद्या सुपरवायझरने असं केलं असतं तर मी त्याला सगळ्यांसमोर धारेवर धरलं असतं.

मग मी बंगल्यात भाषणाचे कागद वाचत बसले. तेवढ्यात मांडववाल्याच्या लक्षात आलं की माइकची वायर सत्तर फुटांपर्यंत पोचत नाही. त्याने साधा उपाय केला. खुर्च्या वायरपाशी आणल्या, तीस फुटांवर. तिथे दोन मळकट चपला पडलेल्या होत्या. मोठे साहेब येणार, फोटो निघणार, म्हणून त्याने त्या उचलून गेटजवळ नेऊन ठेवल्या. माणूस आपल्या कामात अगदी चोख होता.

धोंडू तेव्हा झाडाच्या पलीकडे खाच काढत होता. मधे बुंधा, कानात मशीनचा आवाज. त्याला काही दिसलं नाही.

मी बाहेर आले तेव्हा मला दिसलं. हे मी मुद्दाम लिहिते आहे. खुर्च्या जवळ आल्यात, हे माझ्या एका नजरेत लक्षात आलं. पण मोठे साहेब बसले होते. त्यांच्या शेजारी सोसायटीचे अध्यक्ष बसले होते. गुलाबाची फुलं देऊन झाली होती. निवेदिका माझं नाव घेत होती. आता यांना "उठा" कसं म्हणायचं? मी मनाशी म्हटलं, झाड पुढे पडणार आहे, दोन मिनिटांचं तर काम. आणि जाऊन चौथ्या खुर्चीवर बसले. हा दुसरा गुन्हा. तो पहिल्यापेक्षा मोठा होता.

शाल झाली, नारळ झाला. भाषण झालं. "पळायची वाट म्हणजे कापणाऱ्याचा प्राण," असं मी माइकमध्ये म्हणाले आणि टाळ्या पडल्या. ज्या जागेबद्दल बोलत होते त्या जागेवर उभी राहून मी बोलत होते.

धोंडू खाचेवरची नजर न काढता बुंध्याला वळसा घालून आला, आमच्याकडे पाठ करून मागचा काप घालू लागला आणि झाड करकरलं. धोंडू वळला. चपला शोधायला त्याला एक क्षण लागला. कधीच लागत नसे. तो क्षण मी त्याच्या तोंडावर पाहिला.

"उठा! उठा सगळे, मागे पळा!" मी ओरडले. नारळ खाली घरंगळला. माणसं उठली, पण खुर्च्यांमध्ये खुर्च्या अडकल्या. धोंडू सवयीने आपल्या वाटेवर पळत आला तो सरळ त्या ढिगात. मापाहून मोठा बूट खुर्चीच्या हातात अडकला आणि तो पालथा पडला. वरून मांडीएवढी वाळकी फांदी आली. खुर्चीचे तुकडे झाले. फांदीचं टोक त्याच्या पावलावर बसलं.

पुढे नीलगिरी धाडकन पडली. ठरल्या जागी, वीतभरही इकडेतिकडे नाही.

आणि मागच्या बाजूने, रेघेबाहेर उभ्या असलेल्या सोसायटीतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, पडणं हा प्रात्यक्षिकाचा भाग आहे.

मी धोंडूजवळ जाऊन गुडघ्यावर बसले. घाईत बुटाची नाडी सुटेना. बुटाच्या पोलादी टोपीला खोल खड्डा पडला होता. आत पाचही बोटं शाबूत होती. घोटा मात्र सुजायला लागला होता. बूट नसते तर बोटं गेली असती. बूट मापाचे असते तर कदाचित तो पडलाच नसता. आमच्या चार झाडांच्या भांडणाचा निकाल असा लागला की दोघेही बरोबर निघालो आणि उपयोग काही झाला नाही.

"बोटं हायेत का?" त्याने विचारलं.

"आहेत."

"मग माज्या चपला कुटं हायेत?"

डॉक्टरांनी फ्रॅक्चर नाही म्हणून सांगितलं, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. तीन आठवडे पाय टेकायचा नाही.

संध्याकाळी निखिलचा फोन आला. कंपनीचे साहेब हजर होते, म्हणून त्यांना कंपनीत रिपोर्ट द्यायचा होता.

"मॅडम, मी ड्राफ्ट केलाय. मायनर इन्सिडेंट. कारण, कामगाराने ठरलेल्या वाटेचा नीट वापर केला नाही."

हे वाक्य माझ्या ओळखीचं होतं. तीस वर्षांत कारणाच्या रकान्यात मीच ते कितीतरी वेळा लिहिलं होतं, शब्द इकडचे तिकडे करून. कामगाराचा निष्काळजीपणा. रकाना भरतो, फाइल बंद होते, गेटवरच्या पाटीवर अपघात शून्य राहतात. तेव्हा कधी लाज वाटली नाही. त्या दिवशी वाटली.

"असं लिहा," मी म्हटलं. "पळायच्या वाटेवर खुर्च्या होत्या. सेफ्टी सल्लागाराने त्या पाहिल्या होत्या. पाहुण्यांना उठवायचा संकोच वाटला, म्हणून ती गप्प बसली."

"मॅडम, कारणांच्या यादीतून एक निवडायचं असतं. संकोच त्यात नाहीये."

"मग 'इतर' वर टिक करा."

"इतर निवडलं की वरून प्रश्न येतात."

"येऊ द्या. माझा नंबर द्या."

प्रश्न आले नाहीत. त्यांनी काय निवडलं ते मला कळलं नाही. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मात्र पिवळ्या हेल्मेटांतला फोटो आला, कार्यक्रम यशस्वी झाल्याचा.

दुसऱ्या दिवशी मी वाडीवर गेले. धोंडू ओट्यावर पाय लांब करून बसला होता. त्याच्या बायकोने कोरा चहा दिला. त्यानेच विचारलं.

"म्याडम, खुर्च्या तुमी बगितल्या व्हत्या न्हवं?"

"बघितल्या होत्या."

"मंग आरडला का न्हाईत? मशीन बंद क्येलं आसतं."

"पाहुणे बसले होते, धोंडू. उठा म्हणायला जीभ रेटली नाही. माझं चुकलं."

मला वाटलं, आता चार शब्द सुनावेल. सुनावले असते तर बरं झालं असतं.

"थोरल्याच्या टायमाला बी मालक बसले व्हते," तो म्हणाला. "खुर्ची टाकून, च्या पीत. मागं. त्यास्नी उठा कोन म्हननार?"

म्हणजे दगड नव्हता.

पावसाळा संपल्यावर ताम्हिणीच्या रस्त्याला एका बंगल्यात आम्हाला पुन्हा काम मिळालं. वाळलेला आंबा. धोंडूने मापाचे बूट घातले, तीन वेळा वाट चालला आणि चपला ठेवल्या. बंगल्याचे मालक वयस्कर, मोठ्या पदावरून रिटायर झालेले. त्यांनी गड्याकरवी वेताची खुर्ची मागवली आणि चपलांच्या शेजारी, सावलीत, टेकून बसले.

"साहेब, उठा," मी म्हटलं.

"मला इथून नीट दिसतंय, बाई."

"म्हणूनच उठा. तुम्ही उठेपर्यंत मशीन सुरू होणार नाही."

ते उठले. खुर्ची मीच उचलून चुन्याच्या रेघेबाहेर नेली. ते रागावले होते आणि त्यांनी मला पुन्हा कधी बोलावलं नाही. माझ्या चेकलिस्टमध्ये आता हेल्मेटच्या आधी एक ओळ आहे: इथे कुणाला उठवायची लाज वाटते आहे का? ज्याचं नाव निघेल त्याला सगळ्यात आधी उठवायचं.

आंबा पडला. धोंडू तिरका पळत गेला, चपलांपाशी थांबला, बूट काढून चपला घातल्या आणि तंबाखू मळायला बसला.