वकीलसाहेब आणि नदीकडची वाट

वाट अडवणारी माणसं चोरापेक्षा वाईट. चोर निदान तोंड लपवतो. ही माणसं दिवसाढवळ्या वाट अडवतात आणि वर विचारतात, "आम्ही काय केलं?" नाव घेत नाही. ज्याला लागेल त्याने आपलं समजावं.

वकीलसाहेबांचे किस्से सांगायला बसलं की माझं डोकं आधी असं तापतं. लोक म्हणतात, तुझ्याकडे किस्से फार! असणारच. काम झालं की माणसं पेढे वाटतात आणि विसरून जातात. काम झालं नाही की किस्से उरतात. आमच्याकडे म्हणून त्यांचा ढीग आहे.

आमचं गाव अंबरनाथ आणि बदलापूरच्या मधे. गावातून नदीकाठच्या मसणवट्याकडे एक जुनी पायवाट जायची. एका कंपनीने तिथे कारखाना काढला आणि वाटेवर सरळ भिंत घातली. तेव्हापासून आमचे मेलेलेसुद्धा दोन मैलांचा वळसा घेऊन जाऊ लागले. ती वाट मोकळी करायची, एवढंच काम होतं. मी नुकताच बी.ए. झालो होतो. कल्याण कोर्टातल्या एका फटकळ वकिलाने ही केस फी न घेता घेतली आहे असं कळलं, आणि मी त्यांचे अर्ज लिहायला जाऊन बसलो. वाटलं, सहा महिन्यांत भिंत पडेल!

*

सुरुवातीला वकीलसाहेबांनी कंपनीच्या साहेबाकडे एका अंत्ययात्रेसाठी तात्पुरती परवानगी मागितली. साहेब म्हणाला, "हरकत नाही. पण नियम आहे. आत किती माणसं जाणार, बाहेर किती येणार, पासवर लिहून द्या."

वकीलसाहेबांनी तिथेच पास भरला. आत जाणार: अकरा. बाहेर येणार: दहा.

साहेबाने चष्मा वर केला. "अकरावा कुठे जाणार?"

"तेच तर आम्हालाही अजून कळलेलं नाही!"

पास फाटला. परवानगी गेली. मी पोट धरून हसलो होतो तेव्हा. त्या दिवशी ज्यांच्या घरी प्रेत होतं, ते हसले नव्हते.

*

मग दावा. कोर्टात वकीलसाहेब भिंतीवरून कारखान्यावर आले, कारखान्यावरून सरकारवर घसरले. न्यायाधीश वैतागले. "वकीलसाहेब, मुद्द्यावर या."

"तिकडेच निघालोय साहेब. मधे भिंत लागली!"

कोर्ट हसलं, न्यायाधीशही हसले. आणि हसत हसत पुढची तारीख दिली.

*

तेवढ्यात स्वातंत्र्यानंतरची पहिली निवडणूक आली आणि वकीलसाहेब उभे राहिले. त्यांचं ऑफिस उल्हासनगरच्या कॅम्प नंबर तीनमध्ये, अर्ध्या बराकीत. मधे गोणपाटाचा पडदा. पलीकडे चंदूमल नावाच्या सिंधी निर्वासिताचं कुटुंब पापड लाटायचं. कुणीही आलं की चंदूमल पडद्याआडून पापड आणि पाण्याचा पेला पुढे करणार, आणि सल्लाही देणार.

कॅम्पात मोठी सभा भरवली. बाकीचे उमेदवार निर्वासितांना घरं, दुकानं, काय काय देऊन गेले होते. वकीलसाहेब उठले आणि म्हणाले, "सरकारने तुम्हाला फसवलं, हे खरं. पण नळाच्या तोट्या सरकारने नेलेल्या नाहीत. त्या तुमच्यातच कुणाच्या तरी घरात आहेत. आधी त्या परत लावा, मग माझ्याकडे पाणी मागा!"

परतताना चंदूमल म्हणाला, "साईं, आपने वोट माँगा या जुर्माना लगाया?"

सपाटून पडलो! मतं मोजताना चंदूमल पापड घेऊन आला होता. म्हणाला, "मैंने दिया था, साईं. मेरे घर में तोटी नहीं है।"

*

आता कोर्टातला तो दिवस. तो सांगताना मी अजूनही नीट बसू शकत नाही.

वाट सगळ्या गावाच्या वहिवाटीची होती, असं आम्हाला सिद्ध करायचं होतं. साक्षीदार म्हणून धोंडूबाबाला बोलावलं होतं. धोंडूबाबा महारवाड्यातला, गावातला सगळ्यात म्हातारा. गावात कुणी गेलं की गावोगाव सांगावा पोचवणं आणि सरणाची लाकडं वाहणं, दोन्ही कामं जन्मभर त्याचीच. ती वाट त्याच्याइतकी कुणाच्या पायाखालची नव्हती.

आदल्या दिवशी गावची वडील मंडळी ऑफिसात आली. माझे वडीलही होते. म्हणाले, "वकीलसाहेब, धोंडूला जरा शिकवून ठेवा."

"मी साक्षीदाराला एकच शिकवतो. कोर्टात विडी ओढू नकोस."

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या वकिलाने गोड आवाजात विचारलं, "बाबा, या वाटेने सगळं गाव जायचं ना?"

"व्हय. लाकडं म्याच न्यायचो की!"

"आणि तुमच्या आळीतलं कुणी वारलं तर?"

धोंडूबाबाने आमच्याकडे पाहिलं. मग मंडळींकडे. "आमचं मढं त्या वाटंनं न्हाय, साहेब. आमाला वढ्यातनं न्यावं लागं. लाकडं तेवढी चालायची."

दावा फेटाळला. सगळ्या गावाची वहिवाट सिद्ध होत नाही!

पायऱ्यांवर मंडळी धोंडूबाबाच्या अंगावर धावली. वकीलसाहेब मधे उभे राहिले. "त्याला काय बोलता? केस तुमच्या आजोबांनीच हरून ठेवली होती!"

त्यानंतर वर्षभर गावात वकीलसाहेबांना कुणी चहा विचारला नाही. घरी वडील माझ्याशीही बोलत नव्हते.

*

दुसऱ्या निवडणुकीत मात्र ते निवडून आले. कसे, ते मला विचारू नका. विरोधातल्या दोघांनी एकमेकांची मतं खाल्ली, बस्स.

असेंब्लीत गेल्या गेल्या म्हणाले, "मंत्र्यांच्या गाडीसाठी रस्ते रिकामे होतात. आमच्या मुडद्यांनाही कधीतरी मंत्री करा!" गदारोळ उडाला. शब्द मागे घ्या, म्हणून आज्ञा झाली.

"घेतो. शब्द मी मागे घेतो, भिंत तुम्ही मागे घ्या!"

पेपरांत छापून आलं. कंपनीची अब्रू गेली. महिन्याभरात भिंतीत फाटक बसलं. फाटकावर पाटी: गावातील प्रेतयात्रांसाठी. मी पाटीवरून हात फिरवून पाहिला. खरंच सांगतो, रडलो.

*

फाटकातून पहिला गेला धोंडूबाबा. झोपेतच गेला म्हणे. वकीलसाहेबांनी खांदा दिला, मी दिला. चंदूमल कॅम्पातून चालत आला होता. धोंडूबाबाची आळी सोडली तर गावातलं दुसरं कुणी आलं नाही.

आठ दिवसांनी कंपनीने वकीलसाहेबांकडे एका अर्जाची नक्कल पाठवली. अर्ज आमच्या गावाचा. फाटक कायमचं बंद करावं, गावाची काही हरकत नाही, वळशाच्या रस्त्याने आमचं भागतं. खाली सह्या, अंगठे. पहिली सही माझ्या वडिलांची.

वकीलसाहेबांनी अर्ज दोनदा वाचला. उत्तर लिहायला मी कागद पुढे केला. त्यांनी पेनाचं टोपण काढलं नाही.

आम्ही दोघं चालत फाटकापाशी गेलो. कंपनीचा वॉचमन साखळी ओढून कुलूप घालत होता. बिचारा उत्तरेकडचा, आमच्या गावाचं त्याला काय माहीत! फाटक बंद करा म्हणून गावानेच लिहून दिलंय, एवढंच त्याने ऐकलं होतं. त्याने किल्ली काढून घेतली, वकीलसाहेबांना सलाम केला आणि मला विचारलं,

"तो फिर इतने बरस दीवार को गाली काहे दी, बाबूजी?"