टॅलातला हमिंगबर्ड

मंडळी, मी अजून धक्क्यात आहे. दुपारी इथे परदेशात, आमच्या टॅला गावातल्या घराच्या बागेत लॅव्हेंडरवर चक्क हमिंगबर्ड दिसला. हवेत एका जागी थांबून लांब सोंड फुलात घालत होता आणि पंख तर दिसतच नव्हते.

शेजारची मॉरीन कुंपणापलीकडून म्हणाली, "तो पक्षी नाही गं, मॉथ आहे. उन्हाळ्यात येतात कधीकधी."

एवढा मोठा किडा? मी लेकीला हाक मारली, "ईरा, पळत ये, पतंग बघ."

ती आली आणि आभाळाकडे बघत राहिली. "वेअर, आई? आय कान्ट सी एनी काइट."

तेवढ्यात तो उडून गेला.

खरा धक्का हा होता. तुमच्या घरी मॉथला मराठीत काय म्हणता?